पाण्यावरची साय

चिखलीत घरी स्विमिंग पूल बसवलाय म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. मग हसू ओसरतं आणि पुढचा प्रश्न येतो, "पाणी?"

प्रश्न बरोबर आहे. बुलढाणा हा पाणी वाटून टाकणारा जिल्हा. उत्तरेकडे पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडचा पैनगंगेतून फिरत फिरत गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. आम्ही मधल्या पठारावर बसून दोन्हीकडं बघत राहतो. उन्हाळ्यात गावोगाव टँकर दिसतात. अशा ठिकाणी साडेदहा हजार लिटर पाणी एका कापडी हौदात उभं करायचं, तर त्याला तसंच कारण लागतं.

कारण म्हणजे बाबांचे गुडघे. एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर. खामगाव, मेहकर, जालना, देऊळगाव राजा. या सगळ्या रस्त्यांवरचे खड्डे क्लचवाटे त्यांच्या डाव्या गुडघ्यात उतरलेत असं ते स्वतःच सांगतात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली फट जिथं असायला हवी, तिथं एक बारीक रेघ उरली होती. ऑपरेशन आज ना उद्या लागेल, पण थोडं पुढं ढकलता येईल. वजन कमी करा, मांडीचे स्नायू मजबूत करा, चाला. पण चाललं की दुखतं. "मग पाण्यात चाला," डॉक्टर म्हणाले.

यामागचं गणित साधं आहे. माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की पायांवर येणारं वजन साधारण निम्मं होतं. छातीपर्यंत गेला की एक तृतीयांशाच्या आसपास. बाबांचं वजन 82 किलो. कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्या गुडघ्यांना ते 41 किलोचे वाटणार. इतके हलके ते बहुधा सातवीत होते.

रोज जाता येईल असा तलाव हाताशी नव्हता. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, त्यामुळे इथंच काहीतरी उभं करायला वेळ होता. ऑनलाइन मिळतात तसा, लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणलेल्या जाड पीव्हीसी कापडाचा गोल पूल मागवला. व्यास 12 फूट, उंची 4 फूट. त्यात एक मीटर पाणी.

तो गच्चीवर का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सांगून टाकतो. एक मीटर उंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन वजन. आपल्या घरांच्या गच्च्यांचं डिझाइन साधारण दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो वापराचं वजन धरून केलेलं असतं. रीलमध्ये गच्चीवरचे पूल छान दिसतात. स्लॅबला रील कळत नाही. आमचा पूल गावाच्या कडेला असलेल्या शेतातल्या घरासमोर, मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून सपाट केलेल्या जमिनीवर आहे. शेजारी विहीर आहे आणि एक म्हातारा कडुनिंब.

आईनं परवानगी दिली ती एका अटीवर. "एक डाव भरा. जानेवारीत विहिरीले पाणी आहे तं भरा. मंग मृगापर्यंत दुसऱ्यांदा नाई. वरून रोज तीन बादल्या देईन, बस."

म्हणजे खरा प्रश्न पूल बसवण्याचा नव्हताच. एकदा भरलेलं पाणी पाच महिने माणसानं उतरण्याजोगं ठेवायचं, हा होता. पाणी नासलं की ते सोडून द्यावं लागणार, आणि सोडलं की पूल घडी घालून माळ्यावर. आईचा शब्द फिरत नाही, आणि या बाबतीत तो फिरू नये असं मलाही वाटत होतं. मे महिन्यात शेजारच्या वस्तीवर टँकर यायचा आणि आमच्या अंगणात दुसरा पूल भरला जायचा, हे बघायला मला आवडलं नसतं.

जानेवारी निवांत गेला. फेब्रुवारीत कडुनिंबानं पानं टाकायला सुरुवात केली.

पाणी कुठून घाण होतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. ते वरून होतं. पान पडतं, तरंगतं. कुणाच्या तरी मळणीयंत्रातून उडालेलं कुटार येतं, तरंगतं. धूळ, फुलपाखराच्या पंखाची भुकटी, बुडालेली मधमाशी, अंगाचं तेल, सगळं आधी वरच असतं. दोन-तीन दिवसांनी पान भिजून जड होतं आणि मग तळाला जातं. तळाला गेलं की कुजतं, कुजलं की क्लोरीन खातं, क्लोरीन संपलं की शेवाळ धरतं. डासाची अळीसुद्धा श्वास घ्यायला पृष्ठभागालाच येऊन लटकते. म्हणजे पाण्याची सगळी कटकट सुरुवातीला वरच्या सेंटीमीटरभर थरात असते. तिथंच तिला गाठली तर काम सोपं.

पुलासोबत आलेला फिल्टर मात्र पाणी ओढत होता भिंतीच्या मधल्या उंचीवरच्या एका जाळीतून. वरचा कचरा वर, खालचा खाली, आणि मधलं स्वच्छ पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जात होतं. मी रोज सकाळी जाळीच्या दांड्यानं पानं काढायचो. दहा वाजता माझी मीटिंग सुरू व्हायची आणि कडुनिंबाचीही.

यावर जो उपाय आहे त्याला स्किमर म्हणतात. दुधावरची साय काढणं आणि स्किमरचं काम एकच. गुऱ्हाळावर उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं काढतात तेही हेच. फरक इतकाच की इथं झारा फिरवायला माणूस लागत नाही. एक चौकोनी डबा असतो, त्याला पाण्याच्या पातळीवर तोंड असतं, तोंडाला तरंगणारी झडप असते, आत टोपली असते आणि तळातून पंपाकडं जाणारा पाइप. पंप डब्यातलं पाणी ओढतो, डब्यातली पातळी जरा खाली जाते, झडप आत कलते आणि पुलातला फक्त वरचा पातळ थर तिच्यावरून आत घसरतो. थर पातळ असल्यामुळे त्याला वेग येतो. त्या वेगानं पलीकडच्या काठाचं पानसुद्धा हळूहळू या तोंडाकडं निघतं. पंप थांबला की झडप उभी राहते आणि आत गेलेला कचरा परत बाहेर येत नाही. वीज जाण्यायेण्याच्या आमच्या वेळापत्रकात ही गोष्ट किती मोलाची आहे, ते शहरातल्या वाचकांना कदाचित कळणार नाही.

स्किमर दोन प्रकारचे मिळतात. एक काठावर आत लटकवायचा. दुसरा भिंतीतून आरपार बसवायचा. लटकवायचा स्वस्त, सोपा, आणि त्यासाठी काहीही कापावं लागत नाही. पण तो आत येतो. बाबा काठाला हात धरून गोल फेऱ्या मारतात. डाव्या हाताखाली नेमका तो डबा येणार, तो चुकवायला ते हात सोडणार, आणि ज्या माणसासाठी सगळा खटाटोप केला त्यालाच प्रत्येक फेरीत एकदा आधाराविना पाऊल टाकावं लागणार. म्हणून आरपारचा. त्यात डबा सगळा बाहेर राहतो, आत फक्त एक सपाट पट्टी.

आरपार म्हणजे भिंतीला भोक. सिमेंटच्या भिंतीला नाही, पत्र्यालाही नाही. जी भिंत म्हणजे एक ताणलेलं कापड आहे आणि जिच्या पाठीशी साडेदहा टन पाणी उभं आहे, तिला.

"पैसे देऊन घेतलं, अन् आता त्याले भोक पाडतं का?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ड्रायव्हर माणूस क्लीनरला विचारतो तसं, की बोल्ट काढतोयस तो कोणता, ते माहीत आहे ना?

आमच्या भागात पाणी आणि कापड यांचं नातं सगळ्यांत जास्त कुणाला कळत असेल तर शेततळ्यांचा कागद जोडणाऱ्यांना. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि त्याआधीपासूनही फळबागांच्या भागात, शेतकऱ्यांनी खड्डे खणून त्यात प्लास्टिकचं अस्तर घातलं. शेतकरी त्याला कागद म्हणतात, पण तो 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलीमीटर जाड असतो. पट्ट्या गरम हवेनं किंवा तापल्या पाचरीनं एकमेकींत वितळवून जोडतात. असं काम करणाऱ्या एका ओळखीच्या दादांना मी बोलावलं. त्यांनी पुलाच्या कापडाला चिमटीत धरलं, नखानं खरवडलं, वास घेतला.

"हे पीव्हीसी हाय. आमचा कागद येगळा. त्याले डिंक लागत नाई, तो फक्त तापवून जुळते. याले सोल्युशन लागते. फाटलं तं ठिगळ बसन." मग मी भोकाचं सांगितलं, तसे हसले. "आमच्या धंद्यात कागदाले भोक पडलं की मालक राती झोपत नाई. आम्ही पाणी काढाचं तं वरून काढतो, मोटरीनं, नाईतर नळी टाकून. कागदाले हात लावत नाई. अन् तुम्ही हातानं पाडता!"

त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं, कारण त्यात सगळा नियम होता. पाणी वरून काढा. स्किमरही वरूनच काढतो. प्रश्न एवढाच की "वर" म्हणजे नेमकं किती वर, आणि तिथं कापडावर ताण किती?

हे काढता येतं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकलेलं आणि नंतर नोकरीत कधीच न लागलेलं एक सूत्र इथं कामाला आलं. गोल हौदाच्या भिंतीत आडवा ताण असतो, बंबाभोवतीच्या पट्टीत असतो तसा. तो ताण म्हणजे पाण्याचा दाब गुणिले त्रिज्या. माझी त्रिज्या 1.83 मीटर. तळाशी, एक मीटर खोलीवर, भिंतीच्या दर मीटर उंचीमागे ताण येतो सुमारे 1830 किलो. पण दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे वर जाल तसा कमी होतो. स्किमरच्या तोंडाचा जेमतेम 10 सेंटीमीटर भाग पाण्याखाली असतो. त्या 10 सेंटीमीटरच्या पट्टीतला सगळा ताण मिळून भरतो साधारण 9 किलो. 15 सेंटीमीटर उंचीची खिडक तळाशी पाडली असती, तर तिच्या वाट्याला अडीचशे किलो आले असते.

नऊ किलो. आईची पाण्यानं भरलेली छोटी कळशी. तेवढा भार भोकाभोवतीच्या कापडानं आणि पट्टीनं आपसांत वाटून घ्यायचा. हा आकडा बाबांना सांगितला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पुलाकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. "म्हंजे टायरले वरून खिळा, खालून नाई," ते म्हणाले. उपमा शंभर टक्के बसत नव्हती, पण मुद्दा पोचला होता.

मग जागा ठरवायची. मार्चपासून आमच्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि कचरा पूर्वेच्या काठाला जमतो. चार दिवस सकाळ-संध्याकाळ फोटो काढून खात्री केली. तोंड पूर्वेला, सांगाड्याच्या दोन पायांच्या बरोबर मध्ये. फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याची तोटी अशी वळवली की पाणी हळूहळू गोल फिरावं आणि प्रत्येक पान कधी ना कधी त्या तोंडासमोरून जावं.

कापायच्या आधी पातळी 20 सेंटीमीटर उतरवावी लागणार होती. त्याचे होतात दोन हजार शंभर लिटर. ते जमिनीवर सोडून पुन्हा भरलं असतं तर आईची अट तिथंच मोडली असती. एक हजार लिटरची काळी टाकी होती, एक शेजाऱ्यांकडून आणली, उरलेलं ड्रममध्ये. पंपानंच पाणी काढलं. आई ड्रम मोजत उभी होती.

यानंतरच्या कामाचा क्रम मला फार आवडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. सुचतो तो क्रम असा की आधी भोक पाडा, मग त्यात वस्तू बसवा. भिंतीत खिडकी बसवतात तशी. कापडी पुलात नेमकं उलटं करतात. आधी सगळं आवळायचं, कापायचं सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा बाहेरून साचा धरून मार्करनं स्क्रूंच्या जागा आखल्या. कापड सैल पडू नये म्हणून आतून लाकडी पाट टेकवून बाबांनी धरला. मग स्क्रूपुरती बारीक छिद्रं, तापवलेल्या सुईनं. कातरीनं नाही. वितळून पडलेल्या छिद्राची कड गोल आणि घट्ट होते, कापलेलीला चिरा असतात, आणि चीर पुढं पळते. हे कागदवाल्या दादांचं शिक्षण. मग बाहेरून डबा आणि त्याचं रबरी गॅस्केट, मध्ये कापड, आतून दुसरं गॅस्केट, त्यावर फेसप्लेट. स्क्रू हातानं अर्धे फिरवून घेतले, मग पेचकसानं समोरासमोरचे, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे. चारचाकीचं चाक बसवताना नट असेच आवळतात. हे मला बाबांनी सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. गॅस्केट दबून कडेला जरासं फुगलं की थांबायचं. आणखी आवळलं तर ते सुरकुततं, आणि पाणी सुरकुतीतूनच वाट काढतं.

एक शंका होती. भिंत गोल, पट्टी सपाट. पट्टीच्या 25 सेंटीमीटर रुंदीत भिंतीची गोलाई चार मिलीमीटर निघते. पत्र्याच्या पुलात त्यासाठी पत्रा वाकवावा लागतो. इथं कापडच सपाट होऊन पट्टीला चिकटलं. ज्या मऊपणाची सगळ्यांना भीती होती, तोच इथं कामी आला.

मऊपणाची दुसरी बाजू मात्र खरी होती. भिंत डब्याचं वजन पेलत नाही. पाण्यानं भरलेला डबा, त्याला लोंबणारा पाइप, हे सगळं कापडावर सोडलं तर खालचे स्क्रू रोज थोडे थोडे कापड ओढत राहणार. म्हणून डब्याखाली सागवानी पट्ट्यांची तिवई ठेवली, पुलाच्या सांगाड्याला न जोडलेली, स्वतःच्या पायावर उभी. तिची उंची पाचर सरकवून बदलता येते. पाणी भरल्यावर भिंत जरा फुगते आणि खाली बसते, तेव्हा पाचर हलवायची.

इथपर्यंत सगळं परत फिरवता येण्याजोगं होतं. स्क्रू काढा, छिद्रांवर ठिगळं लावा, पूल होता तसा. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला अशा अवस्थेत राहायची इतकी सवय असते की तिथून पुढं जायला हात धजत नाही. आम्ही काहीही करतो ते मागच्या आवृत्तीला परत जाता येतं या भरवशावर. कापड असं मागं जात नाही. आणि तरी तो क्रम बघा: जो भाग परत फिरत नाही, तो शेवटी, आणि शक्य तितका लहान. पट्टी घट्ट बसलेली आहे, कापड चारही बाजूंनी धरलेलं आहे, मधला तुकडा आता काहीच पेलत नाही. तो काढला काय आणि ठेवला काय, भिंतीला फरक पडायचा नाही. कापण्याचं धैर्य त्या क्षणी गोळा करावं लागत नाही. ते आधीच्या तीन तासांत स्क्रूमागून स्क्रू जमा झालेलं असतं.

चारही कोपऱ्यांत आधी गोल छिद्र पाडलं, कारण टोकदार कोपऱ्यातून फाट सुरू होते. काजाच्या टोकाला शिंपी जे टाके जवळजवळ घालतो ते उगाच नाही. मग नव्या पात्याचा कटर, एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत, पट्टीच्या आतल्या कडेनं. चार रेघा. तुकडा हातात आला. निळा, तळहाताहून मोठा. बाबांनी तो घेतला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला, आणि खिशात टाकला. "ठिगळाले कामी येईल."

टाक्यांमधलं पाणी परत आत सोडलं. पातळी तोंडाच्या मध्यावर आली. पंप सुरू केला. झडप एकदा डगमगली आणि आत झुकली, आणि समोरची कडुनिंबाची सात-आठ पानं एकामागून एक, रांगेत लावल्यासारखी, आत गेली. आम्ही तिघं पाच मिनिटं काही न बोलता पानं बघत होतो. पंप तासाला अडीच हजार लिटर फिरवतो, म्हणजे साधारण सव्वाचार तासांत पूलभर पाणी एकदा गाळून होतं. पानांना तितका वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी सात मिलीमीटर उतरलेली होती.

गळती की उन्हानं उडालं? हातानं चाचपलं तर सगळे जोड कोरडे होते. पण सात मिलीमीटर म्हणजे 70 लिटरच्या वर, आणि मुरूम 70 लिटर गुपचूप पिऊ शकतो. यासाठी एक जुनी, फुकटची चाचणी आहे. बादलीत पुलाचंच पाणी भरायचं, ती पुलातल्या शिडीच्या पायरीवर अर्धी बुडालेली ठेवायची, म्हणजे दोन्ही पाण्यांना ऊन, वारा आणि तापमान सारखं. बादलीच्या आत एक खूण, पुलाच्या भिंतीवर एक खूण. पंप बंद. चोवीस तास थांबायचं. बादली गळत नाही, तिचं पाणी फक्त उडतं. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला, तर जास्तीचं ते गळालेलं.

ती रात्र मी काही फार शांत झोपलो नाही. सकाळी पट्टी घेऊन आई माझ्या आधी तिथं पोचली होती. बादली सात मिलीमीटर, पूल सात मिलीमीटर. "उन्हानंच नेलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून वापर नसेल तेव्हा पुलावर झाकण घालायला लागलो आणि रोजची घट जवळपास निम्म्यावर आली. निम्मी म्हणजे साधारण 40 लिटर. आईच्या तीन बादल्या नेमक्या तेवढ्याच भरतात. तिनं जानेवारीतच हा आकडा कुठून काढला होता, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.

या तीन बादल्यांवरून मला लोणार आठवतं. आमच्याच जिल्ह्यात, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. शाळेच्या सहली तिथंच जातात. विवराच्या काठावरची धार बारमाही वाहते, गोमुखातून गोडं पाणी पडतं. खाली सरोवर मात्र खारं आणि अल्कधर्मी, कारण तिथं आलेल्या पाण्याला वाहून जायला तोंडच नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं, आणि वाफ क्षार सोबत नेत नाही. हजारो वर्षांचा शिलकी हिशेब तिथं साचलाय. जून 2020 मध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं, सगळ्यांच्या फोनवर ते फोटो आले होते. पाणी घटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग चढला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं.

आमच्या पुलातही तेच घडतं, बारीक प्रमाणात. विहिरीचं पाणी जड. रोज 40 लिटर उडतात, क्षार मागं राहतात, नवीन 40 लिटर आणखी क्षार घेऊन येतात. स्किमर पान काढतो, क्षार काढत नाही. मे अखेरीस पाइपांच्या पाण्यालगतच्या भागावर पांढरी रेघ आली. म्हणून हे पाणी कायम टिकेल असा दावा मी करत नाही. पाच महिने टिकवायचं होतं. त्यासाठी क्लोरीन एक ते तीन पीपीएम, पीएच 7.2 ते 7.8, आठवड्याला कार्ट्रिज धुणं आणि रोज टोपली रिकामी करणं पुरलं.

टोपलीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोज सकाळी ती उपटी केली की कालचा दिवस बाहेर पडतो. फेब्रुवारीत पिवळी पानं. एप्रिलमध्ये कडुनिंबाचा मोहर, बारीक पांढरा, ओल्या भातासारखा. लग्नसराईत कुठून तरी उडून आलेले चमकीचे कागद. मे महिन्यात धूळ आणि तहानेनं येऊन बुडालेल्या मधमाश्या. त्यांच्यासाठी मग शेजारी मातीच्या परातीत खडे घालून पाणी ठेवलं, आणि मधमाश्या कमी झाल्या. ही कल्पना बाबांची.

काही नियम आम्ही कागदावर लिहून दाराला लावलेत. बाबा पाण्यात असताना पंप बंद, कारण ओढणाऱ्या तोंडाजवळ माणूस नको. पंपाच्या वायरीवर 30 मिलीअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर, आणि दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. फेऱ्या संपल्या की शिडी काढून घरात. प्लास्टिकच्या शेततळ्यांत निसरड्या उतारावरून पोरं बुडाल्याच्या बातम्या आमच्या भागात दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. ज्या घरात पाणी उभं आहे, त्या घरानं शेजारच्या पोरांचाही विचार करायचा असतो. शेजारची पोरं रविवारी येतात, मोठं माणूस सोबत असेल तरच, आणि पाय धुऊन.

बाबांनी पहिल्या दिवशी आठ फेऱ्या मारल्या होत्या. एप्रिलमध्ये साठ झाल्या. काठावर खडूनं रेघा मारून ते मोजतात, जुन्या फेऱ्यांच्या नोंदी ठेवायचे तशा. गुडघ्यातली रेघ काही रुंद झालेली नाही, ती होतही नसते. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पण घराच्या पायऱ्या ते आता एका दमात चढतात आणि वर गेल्यावर वर कशाला आलो होतो हेही त्यांना आठवतं. पूर्वी दुखण्यातच ते विसरून जायचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर कोसळला. सकाळी झाकण काढलं तर त्यावर साचलेलं पाणी आत गेलं आणि पातळी स्किमरच्या तोंडाच्या वर आली, जानेवारीत होती त्याहून वर. पाच महिन्यांचा करार संपला होता. आई छत्री घेऊन काठाशी आली, वाकून भिंतीवरची खूण पाहिली, पाण्यात हात घातला.

"हे काई आपण भरलं नाई," ती म्हणाली. "हे वरून आलं. ठेवा."

बाबा शिडी आणायला आत गेले.